फायटरला किती पाणी पुरतं? टाकी निवडण्यापासून मासा सोडेपर्यंत

ॲक्वेरियमच्या दुकानात फायटर मासा ठेवलेला असतो तो प्लास्टिकच्या ग्लासात, नाहीतर गाठ मारलेल्या पिशवीत. शेजारच्या टाकीत गप्पींचा घोळका फिरत असतो आणि हा एकटाच शेपटी मिटून ओंजळभर पाण्यात बसलेला. याला केवढी टाकी घेऊ, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही लागत नाही हो याला. बाउलमध्ये सोडा, हवेवर जगतो."

यातलं हवेचं तेवढं खरं आहे. फायटर, म्हणजेच बेटा, याच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला लॅबिरिंथ नावाचा घड्याघड्यांचा एक अवयव असतो. पाण्याच्या वर तोंड काढून तो हवेचा घोट घेतो आणि त्यातला ऑक्सिजन या अवयवातून रक्तात जातो. म्हणूनच पंप नसलेल्या, साचलेल्या पाण्यात गोल्डफिश गुदमरतो आणि फायटर तगून राहतो. पण त्याची विष्ठा आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया त्याच पाण्यात साठतो. हवेतून श्वास घेतल्याने ते पाणी काही स्वच्छ होत नाही, रात्री गार पडायचंही थांबत नाही. बाउलमधला मासा आठ-दहा महिन्यांत गेला की घरचे म्हणतात, "यांचं आयुष्यच तेवढं." नीट ठेवलेला फायटर तीन वर्षं सहज काढतो, काही पाचही काढतात.

तेव्हा आकडा आधीच सांगतो. एका फायटरला प्रत्यक्ष पाणी 20 लिटर हवं. त्याहून जास्त असेल तर उत्तमच. घरात जागाच नसेल तर 10 लिटरमध्येही त्याला बरं ठेवता येतं, मात्र तेव्हा फिल्टर आणि गरजेप्रमाणे हीटर हवाच, शिवाय आठवड्यातून दोनदा पाणी बदलायची शिस्त हवी. त्याखाली उतरायचं असेल तर मासा आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक नेमकं उलटं समजतात. छोटा बाउल म्हणजे कमी काम, असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर खराब होतं आणि तितकं तुमचं काम वाढतं.

ग्लासातला मासा आला कुठून

बेटा मूळचा थायलंडचा. बँकॉकच्या आसपासच्या सखल प्रदेशातली भातशेती, दलदल, कालवे हे त्याचं घर. शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स, हे नाव त्याला 1910 मध्ये मिळालं. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. तो डबक्यात राहतो असं जे सांगितलं जातं, त्या डबक्याचं चित्र कोकणातल्या वाचकाला डोळ्यांसमोर आणायला फार त्रास पडणार नाही. पावसाळ्यात भरलेलं भाताचं खाचर पाहा. पाण्याची खोली वीतभर ते गुडघाभर, पण पसारा केवढा! त्यातच नर आपापली हद्द धरून राहतात. भांडण झालं की हरलेला पळून जातो, कारण पळायला जागा असते.

माणसांनी झुंजीसाठी आणि पुढे रंगांसाठी हा मासा पैदाशीला घेतला, तेव्हा नर एकत्र ठेवता येईनात. मग प्रत्येकाला वेगळी बाटली. पैदास करणाऱ्याकडे अशा शेकडो बाटल्या असतात आणि त्यांचं पाणी बदलायला रोज माणसं लागतात. चेन्नईच्या कोळत्तूर भागात शोभेच्या माशांची मोठी पैदास होते आणि तिथून मासा देशभर जातो. प्रवासात पिशवी, दुकानात ग्लास. ही सगळी विक्री होईपर्यंतची सोय. घरी आल्यावरही आपण तीच सोय पुढे चालवतो, इथे गाडी अडते. वाढदिवसाला मुलांना रिटर्न गिफ्ट म्हणून फायटर वाटायची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

दुकानात टेप घेऊन जा

टाक्या आपल्याकडे फुटांवर विकल्या जातात: एक फुटी, दीड फुटी, दोन फुटी. त्यातून लिटर कळत नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, 1000 ने भागा. आले लिटर. पण हा आकडा काठोकाठ भरलेल्या रिकाम्या टाकीचा असतो आणि तशी टाकी कोणी भरत नाही.

उदाहरण घेऊ. 30 × 20 × 20 सेंटिमीटरची एक फुटी टाकी. गुणाकाराने 12 लिटर होतात. दुकानदारही 12 लिटरच सांगेल. आता वरून चार सेंटिमीटर जागा हवेसाठी सोडायची. खाली तीन सेंटिमीटर खडे. उरली पाण्याची उंची 13 सेंटिमीटर, म्हणजे 7.8 लिटर. खड्यांच्या फटींतलं पाणी धरलं तरी साडेआठच्या आसपास. वर एखादा दगड किंवा मातीचं भांडं ठेवलंत की आणखी कमी. म्हणजे 12 लिटरची म्हणून घेतलेली टाकी आपल्या दहाच्या किमान रेषेच्याही खाली गेली.

आता 45 × 25 × 30 ची दीड फुटी टाकी घ्या. गुणाकार 33.75 लिटर. वरून पाच आणि खालून तीन सेंटिमीटर सोडले तर उरतात 24.75 लिटर. ही एका फायटरसाठी अगदी मनाजोगती टाकी. माझी शिफारस हीच.

गोल बाउलचा हिशेब वेगळा करायची गरज नाही. मध्यम आकाराच्या बाउलमध्ये दोन-अडीच लिटर पाणी बसतं. मासा तोच, खाणं तेच, घाणही तेवढीच. पंचवीस लिटरमध्ये अमोनिया ज्या पातळीला दहा दिवसांत पोचेल, त्या पातळीला अडीच लिटरमध्ये तो एका दिवसात पोचतो. शिवाय बाउलमध्ये हीटर बसत नाही, फिल्टर बसत नाही आणि तोंड निमुळतं असल्याने काठोकाठ भरला की हवेशी संपर्क असलेला पृष्ठभागही आक्रसतो.

लांबी घ्या, उंची नको

लिटर तेवढेच असले तरी टाकीचा आकार फरक पाडतो. फायटर आडवा फिरणारा मासा आहे आणि त्याला दर थोड्या वेळाने वर यावं लागतं. हाफमून किंवा क्राउनटेलसारख्या मोठ्या पिसाऱ्याच्या माशाला तर स्वतःची शेपटी ओढत वर येणंच कष्टाचं असतं. उंच, नळकांड्यासारख्या टाकीत तो तळाशी बसून राहतो, श्वासापुरता वर येतो आणि दमून परत खाली जातो. पाण्याची उंची 20 ते 25 सेंटिमीटर पुरे. दोन टाक्यांचे लिटर सारखे असतील तर लांब असेल ती उचला.

आखूड पंखांचा प्लाकाट घेणार असाल तर गणित थोडं बदलतं. तो चपळ असतो, सरळ लांब पोहतो, म्हणून त्याला दोन फुटी दिलीत तर तो ती पूर्ण वापरेल. आणि तो उडी मारतो. झाकण दोघांनाही लागतंच, पण प्लाकाटच्या टाकीवर एका रात्रीचीही ढिलाई नको. मादीला कमी जागा चालते हा समजही खोटा आहे, तिचेही 20 लिटर धरा.

झाकण घट्ट असावं, पण त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये ते चार-पाच सेंटिमीटर असूच द्या. तिथली हवा दमट आणि उबदार राहते आणि मासा तीच ओढतो. एसी लावलेल्या बेडरूममध्ये उघडी टाकी ठेवली तर प्रत्येक घोट गार हवेचा, हे लक्षात असू द्या.

कुठे ठेवाल

पाणी, काच आणि खडे धरून ही दीड फुटी टाकी 35 ते 40 किलोंची होते. भिंतीवरच्या शोभेच्या फळीचं हे काम नाही. पक्कं टेबल किंवा ओटा हवा, तोही सपाट, आणि टाकीखाली थर्माकोलची शीट. खिडकीतलं थेट ऊन टाळा: शेवाळ तर धरतंच, पण वैशाखात दुपारी पाणी तापतं ते वेगळंच. टीव्हीशेजारी, स्पीकरशेजारी नको. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही.

रात्री काच आरशासारखी होते आणि फायटर स्वतःच्याच प्रतिबिंबावर कल्ले फुगवून धावून जातो. क्वचित हे होणं ठीक, पण दिवसभर चालू राहिलं तर मासा थकतो. मागच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. दोन फायटरांच्या टाक्या शेजारी असतील तर मध्ये पुठ्ठा उभा करा.

पाणी कोणतं

महापालिकेच्या नळाचं पाणी चालतं, पण त्यातला क्लोरीन घालवून. बादलीत एक दिवस उघडं ठेवलं तर साधा क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही. म्हणून दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन बाटलीवरच्या मापाने टाकणं जास्त भरवशाचं. बोअरचं पाणी जड असतं, पण फायटर ते बऱ्यापैकी निभावून नेतो. अट एवढीच की आज बोअर, उद्या टँकर, परवा नळ अशी अदलाबदल नको. पीएच साडेसहा ते साडेसातच्या आसपास असला की झालं. तो हलवण्यासाठी बाटल्यांमागे लागू नका, वरखाली होणारा पीएच जास्त त्रासदायक.

स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं पाणी मात्र भरू नका. "आम्ही पितो तेच देतो" यात प्रेम आहे, पण त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि माशाला ते हवे असतात.

टाकी मुरू द्या

सगळ्यात जास्त मासे इथे मरतात, कारण टाकी आणि मासा एकाच दिवशी घरी येतात.

माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू वसतात आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लागतं तसंच हे: ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ओला असतानाच आणून तुमच्या फिल्टरजवळ ठेवा, निम्म्याहून कमी वेळात काम होतं. तसं कुणी नसेल तर टाकी भरून फिल्टर सुरू करा, दर दोन दिवसांनी माशाच्या खाण्याची चिमूट टाका आणि ती कुजू द्या. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार.

मासा आधीच घरी आला असेल, भेट म्हणून कुणी दिला असेल, तर त्याला बाउलमध्ये वाट पाहायला लावू नका. मोठ्या टाकीत सोडा, खाणं निम्मं करा आणि महिनाभर दर दुसऱ्या दिवशी पाव टाकी पाणी बदला. मधूनमधून किटने तपासा. अमोनिया दिसला तर त्याच दिवशी बदला.

फिल्टर म्हणाल तर एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. स्वस्त, मंद आणि जिवाणूंना हक्काची जागा. टॉप फिल्टरची धार फायटरला सोसत नाही, तो कोपऱ्यात अडकून पडतो. पंपाच्या नळीवर छोटा नॉब मिळतो, त्याने बुडबुडे कमी करा. मासा फिल्टरसमोरून सहज जाऊ शकला पाहिजे.

वीज गेली तर फायटरचा श्वास अडत नाही, पण स्पंजमधल्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. भारनियमन सात-आठ तास लांबलं, तर वीज आल्यावर स्पंज टाकीतल्याच पाण्याच्या मगमध्ये दोनदा पिळून मग लावा.

ऊब

फायटरला 25 ते 28 अंश सेल्सिअस पाणी मानवतं. मुंबईत आणि किनारपट्टीवर वर्षाचा बहुतेक काळ हे आपोआप मिळतं. नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे डिसेंबर-जानेवारीत पाणी विशीला येतं आणि मासा गोठल्यासारखा तळाशी पडून राहतो. लोकांना वाटतं आजारी पडला, मग निळं औषध ओततात. त्याला औषध नको असतं, हीटर हवा असतो. 25 लिटरला 50 वॅटचा, तापमान ठरवता येणारा हीटर पुरतो. शेजारी साधा थर्मामीटर लावा, हीटरवरच्या आकड्यावर सगळं सोडू नका. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून दहा मिनिटं थांबा, नाहीतर उघडी पडलेली तापलेली काच तडकते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात उलटी अडचण. पाणी तिशीच्या वर जायला लागलं की झाकणाऐवजी बारीक जाळी लावा आणि पंख्याचा वारा पृष्ठभागावरून जाऊ द्या. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाचे खडे टाकू नका.

जागा भरायची कशी

मोकळी ढाकळी 25 लिटरची टाकीही फायटरला मानवत नाही. त्याला आडोसा आणि विसाव्याच्या जागा लागतात. पृष्ठभागाच्या जवळ रुंद पान हवं, ज्यावर तो टेकून बसेल. अनुबियास आणि जावा फर्न कमी उजेडात, खत-मातीशिवाय वाढतात. त्यांचा कंद खड्यांत पुरू नका, दगडाला दोऱ्याने बांधा. मनी प्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी लावली तर ती नायट्रेट शोषते, आणि फुकट मिळते.

प्लास्टिकची झाडं घ्यायचीच तर जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून घासून पाहा. धागा ओढला गेला तर पंखही फाटणार. रंगीत काचेच्या गोट्यांच्या मधल्या फटींत खाणं जाऊन कुजतं, त्यापेक्षा बारीक गुळगुळीत खडे बरे.

आणि बदामाचं पान. दुकानात पाकिटात विकतात, पण हे तेच देशी बदामाचं झाड, जे आपल्याकडे शाळांच्या आवारात, समुद्रकिनाऱ्यावर सर्रास असतं आणि ज्याची मोठी पानं गळण्याआधी लाल होतात. आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं, औषध न मारलेल्या झाडाचं पान धुऊन टाकीत सोडा. 25 लिटरला एक पुरतं. दोन-तीन दिवसांत पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, तो त्याच्या मूळच्या दलदलीच्या पाण्याच्या जवळचा. घरात येणारे विचारतील, पाणी घाण झालंय का. मासा मात्र त्यात खुलतो. पान तीन-चार आठवड्यांनी चाळणी झालं की बदला.

मासा सोडताना

टाकीतला दिवा बंद करा. पिशवी न सोडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच-सात मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी पिशवीत घाला. पाऊण तासाने मासा छोट्या जाळीने किंवा वाटीने उचलून सोडा. दुकानातलं पाणी टाकीत ओतू नका. पहिल्या दिवशी तो लपेल, खाणारही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोपरे तपासायला निघेल. बाउलमध्ये बरेच महिने काढलेला मासा कधीकधी आठवडाभर एकाच कोपऱ्यात घुटमळतो. धीर धरा, परत बाउलमध्ये टाकू नका.

जागा कमी पडतेय किंवा पाणी बिघडलंय हे तो दाखवतो. काचेला लागून सतत वरखाली करणं, पंख अंगाला चिकटवून ठेवणं, पंखांच्या कडा झिजणं किंवा काळ्या पडणं, हवेसाठी फार वेळा वर येणं: यातलं काही दिसलं तर औषधाच्या आधी टेस्ट किट काढा.

सोबत हवीच का

त्याला नको असते, आपल्याला हवी असते. दोन नर एकत्र कधीच नाही, दोन फुटी टाकीतसुद्धा. "जोडी घ्या" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. पैदाशीचे दिवस सोडले तर नर मादीला फाडतो. चार-पाच माद्या एकत्र ठेवण्याची फॅशन आहे, ती नवख्यांनी करू नये. मध्ये काच लावून दोघांना ठेवायचं तर प्रत्येकाच्या बाजूला 20 लिटर यायला हवेत आणि काच पारदर्शक नको. 25 लिटरमध्ये एखादी गोगलगाय चालते. टाकी 50-60 लिटरची असेल तर तळाशी राहणाऱ्या कोरिडोरासचा छोटा गट ठेवता येतो. गप्पी नको, त्यांच्या रंगीत शेपट्या बघून फायटर चिडतो. टायगर बार्ब तर उलट फायटरचेच पंख कुरतडतात.

पुढचं नेहमीचं काम

आठवड्यातून एकदा नळीने खड्यांतली घाण ओढत पाव टाकी पाणी काढा आणि त्याच तापमानाचं, अँटीक्लोरीन घातलेलं पाणी हळूहळू भरा. महिन्यातून एकदा स्पंज त्या काढलेल्या पाण्यात पिळा; नळाखाली धुतलात तर महिनाभर वाढवलेले जिवाणू मोरीत. रविवारी अख्खी टाकी रिकामी करून मिठाने घासायची जी पद्धत घरोघर आहे, ती या टाकीला लावू नका. खाणं दिवसाला एकदा तीन-चार दाणे, दोन मिनिटांत संपतील एवढेच. आठवड्यातून एक दिवस उपास.

मोठ्या टाकीचा फायदा गणपतीला गावी जाताना कळतो. मुरलेल्या 25 लिटरमध्ये निरोगी मोठा फायटर चार-पाच दिवस न खाता आरामात राहतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, पंप आणि झाकण तपासा. सुट्टीसाठी मिळणारे पांढरे खाण्याचे ठोकळे टाकू नका, ते विरघळून पाणीच बिघडवतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगा, पण दाण्यांचा डबा त्यांच्या हाती देऊ नका. एक दिवसाआड तीन दाणे अशा कागदाच्या पुड्या बांधून तारखा लिहून ठेवा आणि डबा कपाटात लपवा. "बिचारा भुकेला दिसत होता" म्हणून मूठभर दाणे टाकणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत असतात.